पैसे गेले तर दार कोणाचं ठोठवायचं?

मावशी राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाली. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. क्रिप्टोवरून त्यांचा वाद सुरू झाला तो २०१८मध्ये. त्या वर्षी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि क्रिप्टोचा धंदा करणाऱ्यांना बँकांनी कोणतीही सेवा देऊ नये असं फर्मावलं. मावशीने ते परिपत्रक शाखेत स्वतः वाचून दाखवलं होतं. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि त्याच महिन्यात भाच्याने पाच हजार रुपयांचा बिटकॉइनचा तुकडा घेतला. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक गणपतीत दोघं या विषयावर येतातच. असे वाद हल्ली घरोघरी होतात, पण बहुतेक ठिकाणी एक बाजू अंदाजाने बोलते. इथे दोघांनाही आपापलं क्षेत्र आतून ठाऊक आहे.

या वेळचं निमित्त म्हणजे भाच्याचं पगाराचं खातं. ते गोठवलं गेलं होतं. त्याने एका परदेशी अॅपवर पीटूपीने अडतीस हजारांचे यूएसडीटी विकले होते. तीन आठवड्यांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्याच्या पत्रावरून खातं होल्डवर आहे.

"अनोळखी माणसाचे पैसे खात्यात घेतलेस तेव्हाच हे ठरलं होतं," मावशी म्हणाली.

"अनोळखी कसा? अॅपवर त्याचं केवायसी होतं."

"अॅपवर नाव कोणाचं होतं आणि बँकेत पैसे कोणाच्या नावावरून आले? स्टेटमेंट काढ."

भाच्याने मोबाइलवर स्टेटमेंट उघडलं. अॅपवर खरेदीदार एक होता, पैसे पाठवणारा खातेदार दुसराच. त्या दिवशी त्याने रक्कम जमा झाल्याचा मेसेज पाहिला आणि नाणी सोडून दिली. नाव तपासलंच नव्हतं.

पीटूपीची गोम इथेच आहे. विक्रेत्याची नाणी अॅप स्वतःकडे अडकवून ठेवतं, खरेदीदार यूपीआय किंवा आयएमपीएसने विक्रेत्याच्या खात्यात थेट रुपये टाकतो, विक्रेत्याने होकार दिला की नाणी सुटतात. नाण्यांची राखण अॅप करतं, पण रुपये कुठून आले याची जबाबदारी कोणीच घेत नाही. नागपूरच्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला 'डिजिटल अटके'ची भीती घालून लुटलेले पैसे आधी कोणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात. बँकवाले आणि पोलीस त्याला म्यूल खातं म्हणतात. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तुकडे होतात आणि शेवटी त्या पैशांतून यूएसडीटी विकत घेतले जातात. यूएसडीटीचा भाव डॉलरला बांधलेला असतो, ते काही मिनिटांत जगात कुठेही पोचतात, आणि एकदा गेले की बँकेच्या पत्राने परत येत नाहीत. लुटला गेलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. त्यानंतर पोलीस पैशांच्या मागावर खात्यामागून खातं रोखत जातात. त्या साखळीच्या टोकाला असतो प्रामाणिकपणे चार नाणी विकणारा कोणीतरी. चोर नाणी घेऊन गेलेला असतो आणि रुपयांचा माग या माणसाशी येऊन संपतो.

"म्हणजे मी चोर?" भाचा चिडला. "वाद अडतीस हजारांचा, आणि अडकला माझा पूर्ण पगार. घराचा हप्ता परत गेला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्येच सांगितलंय की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतंच खातं रोखा, सगळं गोठवू नका."

इथे मावशीने त्याची बाजू घेतली, आणि तिने ती मनापासून घेतली. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०२ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०६ झालं आहे. त्याखाली पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते, पण तसं केल्याचं दंडाधिकाऱ्यांना विनाविलंब कळवावं लागतं. "बँकेने ईमेल पाहिला की खातं बंद केलं, हे काही काम नव्हे," ती म्हणाली. "शाखेने तुला तक्रारीचा पोचक्रमांक, ठाण्याचं नाव आणि रक्कम लेखी दिली पाहिजे. ती मागून घे. ऑर्डरचा क्रमांक, चॅट, वॉलेटमधून नाणी गेल्याची नोंद आणि ती नाणी तू मुळात कधी घेतलीस त्याचा पुरावा, सगळं एका फायलीत लाव आणि तपास अधिकाऱ्याला पाठव. नाही ऐकलं तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, आणि तिथेही नाही भागलं तर उच्च न्यायालय. आणि 'मी पैसे देऊन सोडवून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याचा फोन उचलू नकोस."

"नाणी घेतल्याचा पुरावा आहे. भारतीय एक्स्चेंजवर घेतली होती, रिटर्नमध्येही दाखवली आहेत."

"मग विकायला परदेशी अॅपवर का गेलास?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं: टीडीएस.

१ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. १ जुलै २०२२पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आला. या करात भाच्याला खरी बोच आहे ती दराची नाही. एका नाण्यात लाखाचा नफा झाला आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा, तर हातात काहीच उरत नाही, तरी कर ३१,२०० रुपये. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही, आणि खरेदीच्या किमतीशिवाय कुठलाही खर्च दाखवता येत नाही. शेअर बाजारात तोट्याची वजावट मिळते. ज्यांचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे, त्या विद्यार्थ्याला किंवा गृहिणीलाही हा कर चुकत नाही. आणि रोज उलाढाल करणाऱ्याने लाख रुपये पन्नास वेळा फिरवले, तर भाव जागचा हलला नाही तरी दर विक्रीत १ टक्का कापला जाऊन त्याच्या हाती साडेसाठ हजारच उरतात. कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण तोवर ते सरकारकडे पडून.

"टीडीएस माग काढण्यासाठी असतो," मावशी म्हणाली. "त्यात गैर काय?"

"माग काढायला शतांश टक्का पुरला असता. एक टक्क्यामुळे झालं काय, तर माग ज्यांचा लागला असता ते सगळे परदेशी अॅपवर गेले. माझ्यासकट."

भाच्याचा हा मुद्दा खोडणं कठीण आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने, म्हणजे एफआययूने, बायनान्स, कुकॉइन यांसह ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या साइट भारतात अडवल्या गेल्या. पुढे बायनान्सने नोंदणी केली आणि जून २०२४मध्ये तिला १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. मधल्या काळात लाखांचे व्यवहार टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत सरकले होते. बाजारभावापेक्षा दोन-चार रुपये जास्त देणारा खरेदीदार तिथेच भेटतो. चोरीचे पैसे घाईने नाण्यांत बदलायचे असतील तर जास्त भाव द्यायला काय जातं?

मावशीने तिचा जुना मुद्दा काढला. "इतकं सगळं आहे तर बंदीच घाला ना. सरकारनेही कधी म्हटलं नाही की हे वैध आहे. अर्थमंत्री २०२२मध्ये राज्यसभेत म्हणाल्या की वैध-अवैध हा वेगळा प्रश्न, कर लावणं हा सरकारचा अधिकार. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर त्याच महिन्यात म्हणाले की हे पाँझी योजनांसारखं, किंबहुना त्याहून वाईट."

"बंदीचं विधेयक २०२१च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत होतं. मांडलंच नाही. मग आमच्याकडून कर घेता, माहिती घेता, आणि बुडालो की म्हणता, तुम्हाला सांगितलं होतं?"

या जागी प्रस्तुत लेखकाला भाच्याच्या बाजूला उभं राहावंसं वाटतं. मार्च २०२३मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आणली गेली. त्यांना एफआययूकडे नोंदणी, ग्राहकांचं केवायसी आणि संशयास्पद व्यवहार कळवणं बंधनकारक झालं. हे आवश्यकच होतं. पण या कायद्याचा हेतू काळा पैसा पकडणं हा आहे. ग्राहकाची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवली आहेत का, चोरी झाली तर भरपाई कोण देणार, हे तो विचारत नाही. तरीही 'एफआययू नोंदणीकृत' ही ओळ जाहिरातींत झळकते आणि लोक तिला सरकारी हमी समजतात. ती हमी नाही. सरकारने आधी आपला वाटा ठरवला, मग पाळत बसवली, आणि ज्याचे पैसे आहेत त्याचं संरक्षण तिसऱ्या क्रमांकावर राहिलं. तो तिसरा कायदा अजून आलेलाच नाही.

वझीरएक्सच्या ग्राहकांनी याची किंमत मोजली. एकेकाळी देशातलं सर्वांत मोठं मानलं जाणारं, मुंबईतून चालणारं हे एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांच्या एकूण ठेवीचा जवळजवळ ४५ टक्के भाग. त्या वॉलेटला अनेक जणांच्या सह्या लागत, तरी कंपनीच्या प्राथमिक खुलाशानुसार पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळा निघाला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं.

भाच्याची तिथे नाणी होती. थोडी, पण होती.

"त्या आधी दोन वर्षं," मावशीने आठवण करून दिली, "ऑगस्ट २०२२मध्ये ईडीने त्यांची ६४ कोटी ६७ लाखांची बँकशिल्लक गोठवली, तेव्हा बायनान्सचा प्रमुख जाहीरपणे म्हणाला की ही कंपनी आमची नाही. २०१९मध्ये विकत घेतल्याची घोषणा त्यांनीच केली होती! मालक कोण हे मालकांनाच ठरवता येईना, तिथे तू पैसे ठेवलेस."

"बँका बुडत नाहीत का? रुपी बँक आपल्या पुण्याचीच ना? २०१३पासून निर्बंध, २०२२मध्ये परवाना रद्द. आजोबांचे पैसे किती वर्षं अडकले होते, विसरलीस?"

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. रुपी बँकेचं दुःख पुण्यातल्या मध्यमवर्गाला सांगावं लागत नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजार रुपयेच काढता येत होते, तेही भाच्याने ऐकवलं.

"नाही विसरले," ती म्हणाली. "पण त्या रागातूनच नियम बदलले. ठेव विम्याची मर्यादा २०२०मध्ये एक लाखाची पाच लाख झाली. २०२१मध्ये कायदा दुरुस्त होऊन निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ठरलं. आजोबांना ते मिळाले. तुझ्या वझीरएक्सचा निकाल कुठे लागला?"

"सिंगापूरला."

कारण ग्राहकांची देणी झेटाई या सिंगापूरच्या कंपनीकडे होती. भारतातली झनमाई लॅब्स वेगळी. रुपये भारतीय खात्यांतून गेले, नाणी घेणारे बहुतेक भारतीय, पण पुनर्रचनेची योजना तिथल्या उच्च न्यायालयापुढे. एप्रिल २०२५च्या मतदानात संख्येने ९३ टक्के धनकोंनी ती मान्य केली, जूनमध्ये न्यायालयाने नाकारली, ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान झालं, ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली. एक्स्चेंज पुन्हा उघडलं तोवर सव्वा वर्ष उलटलं होतं. भाच्याने होकाराचं मत दिलं होतं. योजना चांगली होती म्हणून नव्हे, नाहीतर कंपनी दिवाळखोरीत जाईल आणि आणखी काही वर्षं जातील म्हणून. जुलै २०२५मध्ये कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले तेव्हा कंपनीने ते स्वतःच्या गंगाजळीतून सोसले, ग्राहकांना झळ लागली नाही. त्या दोन घटनांत फरक पडला तो कंपनीच्या तिजोरीमुळे आणि निर्णयामुळे. नियमामुळे नाही.

मग गोष्ट गेनबिटकॉइनवर आली. ती पुण्यात टाळताच येत नाही. २०१५च्या सुमारास अमित भारद्वाजने सुरू केलेल्या या योजनेत बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असं सांगितलं जाई. परतावा आटला तेव्हा लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं ठेवण्यात आलं. बाजारात त्याला किंमत नव्हती. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली, जानेवारी २०२२मध्ये तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप होता जप्तीतल्या नाण्यांवर हात मारल्याचा. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. फेब्रुवारी २०२५मध्ये तिने देशभरात साठहून अधिक ठिकाणी छापे घातले, २३ कोटी ९४ लाखांचं क्रिप्टो हाती लागलं.

"यात बिटकॉइनचा दोष काय?" भाचा म्हणाला. "दरमहा दहा टक्के कोणी कबूल केले तर ते चिट फंडात असोत की नाण्यात, लबाडीच. ज्यांनी तेव्हा बिटकॉइन देण्याऐवजी नुसते जपून ठेवले..."

"त्यांना जपून ठेवता येत नव्हते म्हणूनच ते कोणाला तरी देऊन बसले," मावशीने त्याला अडवलं. "तुम्ही इंजिनिअर लोक वस्तू पाहता. मी काउंटरवर माणसं पाहिली. निवृत्त शिक्षक, पेन्शनर, एलआयसीचा एजंट. त्यांना जावयाने किंवा सोसायटीतल्या कोणी सांगितलेलं असतं. नवी मुंबईत २०१७मध्ये वनकॉइनच्या प्रचारकांना अटक झाली, तिथे तर मागे खरी ब्लॉकचेनही नव्हती. सभा, जेवण, टाळ्या, आणि पडद्यावर वाढता आकडा. माणूस आकड्याला पैसे समजतो."

वाढता आकडा हा आजच्या फसवणुकीचाही गाभा आहे. व्हॉट्सअॅपवर चुकून आलेला मेसेज, मग ओळख, मग 'माझे काका सिग्नल देतात', मग एक देखणं अॅप. पहिले पाच हजार काढूही देतात. रक्कम लाखांत गेली की पैसे काढताना सांगतात, आधी ३० टक्के कर भरा. खऱ्या कराचा दर वापरल्यामुळे लोक फसतात. हा कर एक्स्चेंजला आगाऊ भरायचा नसतो. तो आयकर खात्याकडे जातो, आणि टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. पैसे काढण्यासाठी पैसे मागणारं कोणतंही अॅप खोटं, एवढं एक वाक्य प्रत्येक शाखेत फळ्यावर लिहावं, असं मावशीचं म्हणणं. यामागे बसलेली माणसंही कित्येकदा फसवून नेलेली असतात. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सोतहून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर फसवणुकीच्या तळांवर त्यांना जुंपलेलं होतं.

भाच्याकडे एक निकाल राखून ठेवलेला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं. त्या ग्राहकाने जानेवारी २०२४मध्ये १,९८,५१६ रुपयांची एक्सआरपी नाणी घेतली होती. चोरीला गेली ती दुसऱ्याच प्रकारची, तरी या ग्राहकाची नाणीही अडकली. सगळ्यांनी मिळून तोटा वाटून घ्यावा हे कंपनीचं म्हणणं न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी या प्रकरणात उचलून धरलं नाही. पैसे चेन्नईतल्या खात्यातून गेले म्हणून आपल्याला अधिकार आहे असंही ते म्हणाले.

"म्हणजे आता मालकी सिद्ध झाली," भाचा म्हणाला.

"तो वाद लवादाकडे जायचाय, त्याचा निकाल लागेपर्यंतचं संरक्षण आहे ते. एका उच्च न्यायालयाचं. आपल्याकडे मुंबईत कोणी वेगळं म्हणू शकतं, सर्वोच्च न्यायालय सगळंच फिरवू शकतं. मे २०२५मध्ये तिथल्याच खंडपीठाने बिटकॉइनच्या व्यवहारांना हवालाचं सुधारित रूप म्हटलं होतं."

"आणि त्याच सुनावणीत सरकारला विचारलं होतं की नियम का करत नाही."

"ते विचारलं ते बरोबर," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत बंदीचा शब्द तिने पहिल्यांदाच मागे घेतला. "कर घेताय तर काउंटर उघडा. नाणी वेगळी ठेवायचा नियम करा, वर्षातून एकदा तिजोरी तपासा, तक्रारीला एक खिडकी द्या. मग कोणाला काय घ्यायचं ते घेऊ दे."

मग तिने बँकेतला नेहमीचा प्रश्न विचारला. नॉमिनी कोण?

भाच्याने वझीरएक्सनंतर उरलेली नाणी हार्डवेअर वॉलेटमध्ये हलवली होती. त्याला नॉमिनी नसतो. २४ शब्दांची यादी असते. ती ज्याच्या हाती, नाणी त्याची. ती हरवली तर नाणी कोणाचीच नाहीत. यादी कुठे आहे हे त्याच्या बायकोला माहीत नव्हतं. नाणी आहेत हेही पुरतं माहीत नव्हतं.

"मालमत्ता आहे म्हणतोस ना? मग मृत्युपत्रात लिही. कोणतं वॉलेट, किती, कोणाला."

"शब्दही लिहू?"

"शब्द नाही लिहायचे! मृत्युपत्र वकील बघतो, साक्षीदार बघतात, उद्या कोर्टात जातं. शब्द वेगळ्या कागदावर, सीलबंद पाकिटात, तुझ्या आणि तिच्या दोघांच्या नावाच्या लॉकरमध्ये. मृत्युपत्रात फक्त पाकीट कुठे आहे ते. आणि तिला बसवून एकदा उघडून दाखव, थोडे पैसे तिच्याकडून पाठवून घे. मृत खातेदारांचे दावे आयुष्यभर निकाली काढले मी. कागद असतात, पण उरलेल्या माणसाला त्याचं काय करायचं ते कळत नाही."

भाचा म्हणाला की लॉकरही बँकेतच असतो, आणि बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच असते. मावशीने ते मान्य केलं. मग दोन पाकिटं करायची का, की शब्द अर्धे-अर्धे वाटायचे, यावर नवा वाद सुरू झाला. अर्धे शब्द वाटणं भाच्याला पटेना, कारण एक अर्धा हरवला की सगळंच गेलं. सोमवारी मात्र आधी सायबर ठाण्याला पाठवायची फाइल लावायची, हे ठरलं.